पीटी बोटीवरच्या अधिकाऱ्याची पेटी: संशोधन कोणत्या क्रमाने करायचं

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या पीटी बोटींवर (टॉर्पिडो म्हणजे पाणतीर सोडणाऱ्या लहान, वेगवान लढाऊ बोटींवर) असलेल्या अधिकाऱ्यांच्या पेट्या आता नातवंडांच्या, पुतण्यांच्या, नाहीतर इस्टेट सेलमधून (मृताच्या घरातल्या सामानाच्या विक्रीतून) घेणाऱ्यांच्या हातात येत आहेत. अशी पेटी घेऊन कोणी माझ्याकडे येतं, तोवर बहुतेक वेळा नुकसान झालेलं असतं. पदकं घासूनपुसून चकचकीत केलेली असतात. पत्रं तारखेप्रमाणे नीट लावलेली असतात, पण पाकिटं फेकून दिलेली असतात. फोटोंच्या मागे कोणीतरी बॉलपेनने नावं लिहिलेली असतात. हे सगळं प्रेमापोटी केलेलं असतं, फक्त क्रम उलटा असतो.

क्रम असा ठेवा: आधी मांडणीची नोंद, मग कागद, मग स्क्वॉड्रन (बोटींची तुकडी), मग बोट, मग वस्तू. घरात सांगितली जाणारी गोष्ट त्यानंतर, आणि किंमत सगळ्यात शेवटी. यातली एक पायरी गाळली तरी पुढच्या पायरीवर अडायला होतं.

## 1. हात लावण्याआधी

पेटी उघडायचा अधिकार कोणाचा आहे ते आधी ठरवा. मृत्युपत्राचा एक्झिक्युटर असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. घरातल्या घरात काय अडचण येणार, असं वाटतं; पण दोन भावंडांपैकी एकाने पदकं नेली आणि दुसऱ्याने कागद नेले की तो संच पुन्हा एकत्र येणं फार अवघड असतं.

मग धोके. ते चार आहेत आणि चारही खरे आहेत.

- दारूगोळा. 20 आणि 40 मिलिमीटरच्या तोफांचे गोळे, हातबॉम्ब आणि काडतुसं आठवण म्हणून घरी आणली जात. आत दारू आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. वस्तू उचलू नका, हलवू नका. खोलीबाहेर या आणि पोलिसांना कळवा.
- बंदुका. पिस्तुलाला त्या त्या राज्याचे नियम लागतात. स्वयंचलित शस्त्र अमेरिकेच्या 1934 च्या कायद्याखाली नोंदवलेलं नसेल तर ते नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो, मग ते आजोबांचं असलं तरी. विकायचा विचार मनात येण्याआधी वकिलाशी बोला.
- रेडियम. त्या काळातल्या होकायंत्रांच्या, घड्याळांच्या आणि बोटीवरच्या मापकांच्या तबकड्यांवर चमकणारा रंग असे, त्यात बहुधा रेडियम असे. चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला असं नाही. काच उघडू नका आणि फुटली असेल तर झाडू मारू नका.
- नायट्रेट फिल्म. जुनी निगेटिव्ह चिकट झाली असेल, पिवळी पडली असेल, आंबूस वास येत असेल आणि कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलं नसेल, तर ती बाजूला थंड जागी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. ती फार चटकन पेट घेते.

## 2. पेटी जशी आहे तशी नोंदवा

झाकण उघडल्यावर पहिला फोटो वरून काढायचा, काहीही न हलवता. मग एकेक थर उचलत प्रत्येक थराचा फोटो घ्या. कुठली वस्तू कुठल्या पाकिटात होती, कुठला फोटो कुठल्या पत्रात घडी करून ठेवला होता, कुठली रिबन कुठल्या डबीत होती, हे सगळं टिपून ठेवा. पुढे एखादं बेनावाचं पदक याच अधिकाऱ्याचं होतं असं म्हणायला हाच एक आधार उरतो.

प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या, पण तो वस्तूवर लिहू नका. कागदाच्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलने लिहून चिठ्ठी सोबत ठेवा. धातूला हातमोजे घालूनच हात लावा. फोटो कडेला धरून उचला. चिकटपट्टी, लॅमिनेशन आणि पीव्हीसीची प्लॅस्टिक पाकिटं अजिबात नकोत. गंजलेली स्टेपलची पिन ओढून काढू नका. कागद हातावर सपाट धरून तिची टोकं हलकेच सरळ करा, आणि ती निघत नसेल तर राहू द्या.

सावधान: पदक, बकल किंवा पितळी पाटी पॉलिश करू नका. पृष्ठभागावरचा काळेपणा, रंगाचे थर आणि खाचांत बसलेला मळ हा वस्तूच्या वयाचा पुरावा असतो. तो एकदा गेला की परत येत नाही.

तपासा: कोणी दुसरा माणूस तुमचे फोटो आणि यादी पाहून पेटी पुन्हा जशीच्या तशी भरू शकेल का? नसेल, तर पुढे जाऊ नका.

## 3. कागदांत आधी बदलीचे हुकूम शोधा

सगळ्यांना पत्रं आधी वाचायची असतात. मला विचाराल तर आधी हुकूम शोधा. नौदलातल्या अधिकाऱ्याला एका जागेवरून दुसरीकडे जायचा हुकूम टंकलिखित मिळे आणि प्रत्येक टप्प्यावर त्यावर शेरा पडे: इथे हजर झाला, इथून मोकळा केला, वाहतुकीसाठी थांबला. कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ कागदावरच्या या कार्बन प्रती एका कोपऱ्यात टाचलेल्या असतात. रबरी शिक्क्याची जांभळी शाई कागदाच्या मागे उतरलेली असते. मूळ हुकूम दोन ओळींचा आणि मागे सात-आठ शेरे, असंही दिसतं. घरचे लोक ही चळत ‘सरकारी कागद’ म्हणून बाजूला टाकतात. पण माणूस कुठल्या दिवशी कुठे होता, याचा यापेक्षा भक्कम पुरावा पेटीत दुसरा नसतो.

हुकूम वाचून एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखा: तारीख, ठिकाण किंवा तुकडी, आणि कुठल्या कागदावरून कळलं. तिसरा रकाना गाळलात तर महिन्याभराने तुमच्याच टिपणावर तुमचा विश्वास बसणार नाही.

पीटी बोटींवरचे बरेच अधिकारी नौदलाच्या राखीव दलातले होते, म्हणून नावापुढे ‘यूएसएनआर’ दिसेल. विद्यापीठातल्या मिडशिपमन स्कूलमध्ये (नौदल अधिकारी घडवणाऱ्या शाळेत) काही महिन्यांचं शिक्षण, मग ऱ्होड आयलंडमधल्या मेलव्हिलचं पीटी बोटींचं प्रशिक्षण केंद्र आणि तिथून स्क्वॉड्रन, हा नेहमीचा रस्ता. हुकमांत मेलव्हिल आढळलं की माग बरोबर लागला आहे असं समजा. पण तिथे शिकलेला प्रत्येक जण पुढे बोटीचा कप्तान झाला असं नाही. कोणी टेंडर जहाजावर (बोटींना सांभाळणाऱ्या मोठ्या जहाजावर) गेला, कोणी तळावर राहिला, कोणी प्रशिक्षक झाला.

नेहमीची चूक: 1945-46 मध्ये घरी परतलेल्या माणसाचा ‘डीडी 214’ हा सेवामुक्तीचा फॉर्म शोधत बसणं. तो फॉर्म 1950 मध्ये सुरू झाला. त्याआधी सेवामुक्तीचे वेगळे कागद मिळत. 214 सापडला, तर माणूस नंतरही सेवेत होता किंवा पुन्हा बोलावला गेला, असा त्याचा अर्थ निघतो. ही माहिती पाचव्या पायरीवर लागते.

## 4. पत्रांपेक्षा पाकिटं बोलतात

युद्धकाळातल्या पत्रांत ठिकाण लिहायला बंदी होती. ‘पॅसिफिकमध्ये कुठेतरी’ यापलीकडे मजकुरातून फारसं हाती लागत नाही. पाकिटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात मात्र पाठवणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि स्क्वॉड्रनचा क्रमांक असतो, खाली फ्लीट पोस्ट ऑफिस, म्हणजे नौदलाचं टपाल कार्यालय. स्क्वॉड्रनचं नाव ‘एमटीबी रॉन’ (मोटर टॉर्पिडो बोट स्क्वॉड्रन) आणि पुढे आकडा असं आखडून लिहिलेलं दिसेल. पोस्ट ऑफिस सॅन फ्रान्सिस्को असेल तर माणूस पॅसिफिकच्या बाजूला, न्यूयॉर्क असेल तर अटलांटिक किंवा भूमध्य समुद्राकडे. पत्र सॅन फ्रान्सिस्कोतून लिहिलं असा याचा अर्थ मात्र होत नाही. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता पत्ता दिसला की आधी तेच सांगतो.

सेन्सॉरच्या शिक्क्यात कोणाची तरी आद्याक्षरं किंवा सही असते. ती तपासणाऱ्याची. कधीकधी मात्र ती शेजारच्या बोटीवरच्या अधिकाऱ्याची निघते आणि त्यातून सोबत्यांची नावं हाती येतात. म्हणून तीही टिपून ठेवा.

एका घरातल्या दोनशेच्या आसपास पत्रांची पाकिटं अशीच गेली होती. उरलं होतं फक्त एक, आणि तेही आतल्या फोटोमुळे. स्क्वॉड्रनचा क्रमांक शेवटी त्याच एका कोपऱ्यातून मिळाला.

## 5. सेंट लुईसला अर्ज

अधिकाऱ्याची सेवा-फाइल मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस इथल्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमधून मागवायची असते. पूर्ण नाव, जन्मतारीख, सेवा क्रमांक, नौदल, राखीव दल, अधिकारी आणि सेवेचा अंदाजे काळ एवढं द्या. अर्जात ‘पूर्ण फाइल’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर पानभर सारांश येण्याची शक्यता असते.

इथे तीन गैरसमज घट्ट बसलेले आहेत.

पहिला, ‘1973 च्या आगीत सगळं जळलं’. 12 जुलै 1973 ला त्या केंद्राला मोठी आग लागली हे खरं, पण त्यात गेल्या त्या भूदलाच्या आणि हवाई दलाच्या फायली. नौदलाच्या फायलींना झळ लागली नाही. या एका समजुतीपायी कितीतरी घरांनी अर्जच केलेला नाही.

दुसरा, ‘मी नातू आहे, मला लगेच मिळेल’. सेवा संपून 62 वर्षं झाली की फाइल राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात जाते आणि शुल्क भरून ती कोणालाही मागवता येते. त्याआधी पूर्ण फाइल फक्त स्वतःला किंवा जवळच्या वारसाला मिळते. वारस म्हणजे पुनर्विवाह न केलेला जोडीदार, आईवडील, मुलं आणि भावंडं. नातवंडं त्यात धरत नाहीत. घरात मुलगा किंवा मुलगी हयात असेल तर अर्जावर त्यांची सही घ्या.

तिसरा, ‘युद्ध 1945 ला संपलं, म्हणजे 62 वर्षं कधीच झाली’. मोजायचं युद्धापासून नाही, सेवा पूर्ण संपल्यापासून. राखीव दलातला माणूस युद्धानंतरही वर्षानुवर्षं यादीवर राहू शकतो. 1970 ला यादीतून निघालेल्याची फाइल 2032 पर्यंत खुली होत नाही.

तपासा: फाइल आल्यावर तुमच्या तीन रकान्यांच्या कागदाशी तारखा ताडून पाहा. जिथे जुळत नाहीत तिथे खुणा करा. लगेच दुरुस्त करू नका.

## 6. आधी स्क्वॉड्रन, मग बोट

बहुतेक लोक बोटीच्या क्रमांकापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. पीटी बोटी एकेकट्या कमिशन (नौदलाच्या सेवेत रीतसर दाखल) होत नसत, कमिशन स्क्वॉड्रनचं होई. त्यामुळे युद्धाच्या दैनंदिन नोंदी, अहवाल आणि बदल्या यांचा धागा स्क्वॉड्रनच्या नावाने जातो. शिवाय बोटी एका स्क्वॉड्रनमधून दुसऱ्या स्क्वॉड्रनमध्ये जात. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींची पीटी 109 आधी पाचव्या स्क्वॉड्रनमध्ये होती, नंतर दुसऱ्यात आली. ती बुडाल्यावर केनेडी पीटी 59 वर गेले. एकाच अधिकाऱ्याच्या नावाभोवती दोन-तीन बोटी असणं नेहमीचंच आहे.

क्रमांकांतही खाच आहे. फिलिपीन्समधून जनरल मॅकआर्थरना मार्च 1942 मध्ये बाहेर काढणारा तिसरा स्क्वॉड्रन आणि ग्वाडलकॅनालला लढलेला तिसरा स्क्वॉड्रन हे वेगवेगळे. पहिला संपला आणि तोच क्रमांक पुन्हा वापरला गेला. तारीख न बघता नुसत्या आकड्यावर विसंबलात तर माणूस भलत्याच समुद्रात जाऊन पोचतो.

शोध या क्रमाने घ्या:

1. हुकूम आणि पाकिटं यांवरून स्क्वॉड्रन आणि त्यातला काळ पक्का करा.
2. त्या काळातली स्क्वॉड्रनची वॉर डायरी (युद्धाची दैनंदिन नोंद) आणि लढाईचे अहवाल काढा. मूळ कागद मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात रेकॉर्ड ग्रुप 38 मध्ये आहेत. बऱ्याच भागाच्या प्रतिमा अभिलेखागाराच्या ऑनलाइन सूचीत आणि फोल्ड थ्री या संकेतस्थळावर पाहता येतात.
3. स्क्वॉड्रनच्या नोंदी तुटक असतील तर त्याला सांभाळणाऱ्या टेंडर जहाजाची वॉर डायरी आणि डेक लॉग (जहाजाची रोजची नोंदवही) बघा. जेम्सटाउन, हिलो, ऑयस्टर बे ही अशीच टेंडर जहाजं. कुठली बोट कधी बाजूला लागली, कोण जखमी चढवला, हे तिथे सापडू शकतं.
4. शेवटी बोटीचा क्रमांक शोधा. लढाईच्या अहवालात बोटीपुढे तिच्या कप्तानाचं नाव दिलेलं असतं.

नेहमीची चूक: मस्टर रोलमध्ये (हजेरीच्या यादीत) अधिकाऱ्याचं नाव शोधणं. मस्टर रोल खलाशांचे असतात. तिथे नाव नाही म्हणून ‘हा माणूस तिथे नव्हताच’ असं ठरवू नका. अधिकाऱ्यासाठी राखीव दलाचं छापील रजिस्टर बघा. मस्टर रोलचा उपयोग वेगळा आहे: फोटोमागे लिहिलेली खलाशांची नावं त्यात मिळाली, तर तुमचा स्क्वॉड्रन बरोबर आहे.

तारखांचं एक सांगायलाच हवं. पीटी बोटींची गस्त रात्रीची. संध्याकाळी निघालेली बोट पहाटे परते, त्यामुळे एकच लढाई दोन तारखांवर पडते. केनेडींची पीटी 109 बुडाली ती सॉलोमन बेटांजवळच्या ब्लॅकेट सामुद्रधुनीतली रात्र 1 ऑगस्ट 1943 ला सुरू झाली. पंधरा बोटी बाहेर पडल्या होत्या आणि जपानी विनाशिका अमागिरी 109 वर आदळली ती 2 तारखेला. पत्रात एक तारीख आणि अहवालात दुसरी दिसली तर आधी हे तपासा, मगच कोणाच्या स्मरणशक्तीवर शंका घ्या.

## 7. आता वस्तूंकडे

पदकं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी मोहीम-पदकांवर नाव कोरलेलं नसतं. त्यामुळे पेटीतलं एशियाटिक-पॅसिफिक पदक स्वतः काहीच सिद्ध करत नाही. युद्ध चालू असताना बहुतेकांकडे नुसत्या रिबन होत्या, मोहिमांची पदकं नंतर मिळाली. म्हणून झिजलेली रिबन आणि कोरंकरकरीत पदक एकत्र दिसलं तर त्यात संशयास्पद काही नाही. सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार किंवा नेव्ही क्रॉससाठी मानपत्र शोधा आणि सेवा-फाइलशी जुळवा. पीटी बोटींवरच्या कामगिरीसाठी मेडल ऑफ ऑनर फक्त दोघांना मिळालं, बल्कली आणि प्रेस्टन. त्या पदकाची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे.

गणवेश. खिशाच्या आतलं शिंप्याचं लेबल आणि कॉलरजवळचा धुलाईचा शिक्का उजेडात तिरका धरून वाचा. बाहीवरच्या सोनेरी पट्ट्यांवरून हुद्दा कळतो: एन्साइनची एक रुंद, लेफ्टनंट ज्युनियर ग्रेडची एक रुंद आणि एक अरुंद, लेफ्टनंटच्या दोन रुंद. पट्टी नंतर वाढवली असेल तर शिवणीचा धागा वेगळा दिसतो आणि बढतीची तारीख ताडायला ते उपयोगी पडतं. तलवार असेल तर जरा थांबा. 1942 मध्ये ती गणवेशातून काढली गेली आणि 1954 मध्ये परत आली. युद्धकाळातल्या राखीव अधिकाऱ्याच्या पेटीतली तलवार कदाचित नंतरची असेल, कदाचित दुसऱ्याच कोणाची.

फोटो. मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच काळजीने स्कॅन करा. ‘80-जी’ ने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो नौदलाचा अधिकृत फोटो आहे आणि अभिलेखागारात त्याची पूर्ण ओळ मिळू शकते. अशा फोटोच्या प्रती अनेकांकडे असत. म्हणजे फोटोतली बोट याच अधिकाऱ्याची होती असं गृहीत धरू नका. बोटीचा क्रमांक सेन्सॉरने पुसलेला असेल तर तोफांची मांडणी, टॉर्पिडोच्या नळ्या आणि रडारचा खांब पाहा. आधीच्या बोटींवर टॉर्पिडो नळ्यांत असत, नंतरच्या बोटींवर ते उघड्या रॅकमधून बाजूला लोटून सोडले जात. काळ ठरवायला एवढं बऱ्याचदा पुरतं.

पाट्या आणि बोटीचे भाग. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. पॅसिफिकमधल्या कितीतरी बोटी युद्ध संपताच फिलिपीन्समध्ये समारच्या किनाऱ्यावर जाळल्या गेल्या, म्हणून खरे भाग दुर्मीळ आणि नकली भरपूर. स्क्रूची भोकं बघा: खऱ्या पाटीवर भोकांभोवती दाब आणि झीज दिसते, रंगाचे थर कडेला चढलेले असतात. पीटी बोटी एकेकट्या कमिशन होत नसत, म्हणून कमिशन झालेल्या जहाजाच्या नावाआधी येणारं ‘यूएसएस’ लिहून पुढे पीटीचा क्रमांक असेल तर पुराव्याची मागणी दुपटीने करा.

झेंडे. 48 ताऱ्यांचा अमेरिकी झेंडा 1912 ते 1959 चालला. तारे मोजून युद्ध सिद्ध होत नाही. सह्या केलेला जपानी झेंडा निघाला तर तो धुऊ नका, इस्त्री करू नका. त्यावरची नावं कोणाच्या तरी घरची, गावची माणसं आहेत. ऑरेगनमधल्या अस्टोरियाची ओबोन सोसायटी असे झेंडे त्या सैनिकाच्या घरी पोचवण्याचं काम करते. मला विचाराल तर त्या झेंड्याची जागा तिथेच आहे.

## 8. घरातली गोष्ट आता तपासा

‘आजोबा केनेडींच्या शेजारच्या बोटीवर होते’, ‘आजोबांनी विनाशिका बुडवली’. अशी गोष्ट आधी ऐकून शोध सुरू केला की प्रत्येक कागद तिच्याकडे वाकवला जातो. म्हणून ती आधी फक्त जशीच्या तशी लिहून ठेवा, कोणी कधी सांगितली यासह, आणि इथवर बाजूला ठेवा. आता तिचे तुकडे करा: ठिकाण, तारीख, बोट, सोबती, घटना. प्रत्येक तुकड्यापुढे ‘कागदात आहे’, ‘कागदात नाही’ किंवा ‘कागद उलट सांगतो’ एवढंच लिहा. तिन्ही गोष्टी एकाच कथेत मिळतात. तुकडा उलट निघाला तर घरच्यांना कागद दाखवून सांगा, फोनवर नाही. त्या माणसाने आयुष्यभर जे सांगितलं त्यात त्यांचा जीव गुंतलेला असतो.

## 9. ठेवणं, देणं, विकणं

संच फोडू नका. हुकूम, पाकिटं, रिबन आणि फोटो एकत्र आहेत तोवरच त्यांतली बेनावाची वस्तू त्या माणसाची ठरते. पदक वेगळं विकलं की ते नुसतं धातूचं पदक.

पत्रं छापायची असतील तर एक लक्षात ठेवा: कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांचा असतो, लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं. इस्टेट सेलमध्ये घेतलेली पत्रं इंटरनेटवर टाकण्याआधी वारसांना विचारा. मूळ सरकारी लॉगबुक किंवा नोंदवही सापडली तर ती सरकारची मालमत्ता असू शकते, म्हणून विक्रीला ठेवण्याआधी राष्ट्रीय अभिलेखागाराला कळवा. खाजगी डायरीची गोष्ट वेगळी, ती घरचीच.

संग्रहालयाला द्यायचं असेल तर पेटी उचलून थेट दारात नेऊ नका. आधी यादी आणि फोटो पाठवा. मॅसॅच्युसेट्सच्या फॉल रिव्हरमधलं बॅटलशिप कोव्ह, जिथे पीटी 617 आणि 796 जपल्या आहेत, न्यू ऑर्लिन्सचं दुसऱ्या महायुद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय आणि टेक्ससच्या फ्रेडरिक्सबर्गमधलं पॅसिफिक युद्धाचं संग्रहालय ही विचारण्यासारखी ठिकाणं आहेत. दानपत्रावर सही करण्याआधी दोन ओळी शोधा: नको असलेल्या वस्तूंचं ते काय करणार, आणि स्कॅन प्रती तुम्हाला मिळणार का. संग्रहालय किंमत ठरवून देत नाही. अमेरिकेत करसवलत मागायची असेल आणि दानाचं मूल्य 5,000 डॉलरच्या वर जात असेल, तर स्वतंत्र मूल्यांकन लागतं आणि ते दानाच्या आसपासच करून घ्यावं लागतं.

पेटी कुठेही गेली तरी तुमचा तीन रकान्यांचा कागद, थरांचे फोटो आणि गोष्टीचे तुकडे यांची एक छापील प्रत तिच्या तळाशी ठेवा.